कोपऱ्यातल्या गड्याचं मोल

मागच्या आठवड्यात चंदगडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचा एकोणीस वर्षांचा, आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला. कबड्डीत उजव्या कोपऱ्याला खेळतो आणि बरा खेळतो. आता म्हणतो, आयटीआय सोडणार आणि नुसती कबड्डीच खेळणार. "अक्का, तूच सांग त्याला. आपल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला दीड कोट मिळाले म्हणतो, मग मला का नाही?" मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "एष्ट रोक्क?" आकडा ऐकून त्या गप्पच झाल्या.

आकडा साधारण खराच आहे. 2018 साली यू मुंबाने सिद्धार्थला 36 लाख 40 हजारांना घेतलं. त्या हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले, त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली. आपल्या चंदगड तालुक्याला केवढा आनंद झाला होता!

पण एवढे पैसे घेतले, तेवढं काम झालं का? नव्या संघातही त्याने दोनशेहून अधिक गुण काढले, तरी संघ बारांत अकरावा आला. पुढच्या खेपेला 1 कोटी 30 लाखांवर त्याला ठेवून घेतलं, तर थोडेच सामने झाले आणि खांदा दुखावला. बाकीचा हंगाम तो बाहेरच राहिला. काही जण म्हणाले, पैसे वाया गेले. मला ते पटत नाही. खांदा निखळला तर त्याला कामचुकार कसं म्हणायचं?

भाच्याचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. चढाईवाल्याचे गुण फळ्यावर दिसतात. कोपऱ्यातल्या गड्याचं काय? अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पुढच्या रांगेत आडदांड गडी असतात, त्यांना लाइनमन म्हणतात. त्यांतल्या पुष्कळांच्या हाती चेंडू क्वचितच येतो. समोरच्याला अडवून धरायचं, म्हणजे मागचा गडी मोकळेपणी खेळतो. त्यांनाही कोट्यवधी डॉलर मिळतात आणि तिथेही दरवर्षी हाच वाद, की याने पैसे फेडले का? आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणजे बचावातला गडी.

इराणच्या मोहम्मदरझा शादलुईचं उदाहरण घ्या. डावा कोपरारक्षक. 2021 च्या लिलावात पाटण्याने त्याला 31 लाखांना घेतलं होतं. 2023 साली पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख दिले. बचावपटूला एवढे पैसे, म्हणून अनेकांच्या भुवया उंचावल्या. त्याने त्या हंगामात पकडींचे 99 गुण घेतले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणाला 28-25 असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. समोरच्या हरियाणा संघात एक कोटी रुपयांना घेतलेला आपला सिद्धार्थ होता! पुढच्या हंगामात शादलुई 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यात हरियाणाही जिंकला.

म्हणजे याने पैसे फेडले, असं म्हणायला हरकत नाही. पण त्याच 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार दिले होते. पवन मनापासून खेळला, तरी संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. तेव्हा प्रत्येक संघाला सगळे खेळाडू मिळून पाच कोटींचीच मर्यादा होती. निम्म्याहून अधिक पैसे एकावर खर्च केल्यावर बाकीच्यांना काय उरणार? पुण्याचीही जवळजवळ निम्मी थैली शादलुईवर रिकामी झाली होती. फरक इतकाच, की पुण्याकडे अस्लम इनामदार, मोहित गोयतसारखी आपली मुलं आधीपासून तयार होती. बांधलेल्या घराला भक्कम दार बसवलं, म्हणून ते शोभलं.

आम्ही नोकरीनिमित्त इथे उकव्याला, मँगनीजच्या खाणीच्या गावात राहतो. इथे जमिनीखाली काम चालतं. माल किती निघाला, त्याचे टन सगळ्यांना दिसतात. पण आत छताला टेकू देणारे, रिकाम्या जागेत वाळूचा भराव करणारेही असतात. त्यांच्या नावावर टन लागत नाहीत. ज्या दिवशी काहीच पडलं नाही, त्या दिवशी त्यांचं काम चोख झालं. आमचे हे म्हणतात, "त्यांची किंमत खाली उतरणाऱ्यालाच कळते." कोपऱ्यातल्या गड्याचंही असंच आहे. चढाईवाला त्याच्या भीतीने त्या बाजूला फिरकलाच नाही, तर फळ्यावर काय दिसणार?

म्हणून मला वाटतं, करार फेडला की नाही हे नुसत्या आकड्यावरून ठरवू नये. ज्या कामासाठी घेतलं ते केलं का आणि शेजारच्याचा हात सोडला नाही ना, एवढं पाहावं. संघ हरला तर बोली लावणाऱ्यालाही चार प्रश्न विचारावेत.

रात्री भाच्याशी बोलले. म्हटलं, "बाळा, सिद्धार्थचा पगार सांगतोस, त्याचा खांदाही सांग." तो हसला. मग म्हणाला, "मावशी, कोपऱ्याला कोण बघतं गं?" मी शादलुईचं सगळं सांगितलं. आयटीआयचं वर्ष पुरं करायचं, पहाटे आणि संध्याकाळी सराव करायचा, असं शेवटी ठरलं. लिलावात नाव येईल तेव्हा येईल. खांदा निखळला तर हातात फिटरचा दाखला तरी असेल.

बहिणीने फोन घेतला तर मागून सासूबाई पुन्हा विचारत होत्या, "एष्ट रोक्क?" या वेळी त्या आयटीआयच्या फीबद्दल विचारत होत्या.