चौदा इंजेक्शनांची भीती सोडा

कुत्रा चावला की वस्तीत आजही पहिले वाक्य कानी पडते, "आता पोटात चौदा इंजेक्शने!" या भीतीने कुणी जखमेत हळद-तिखट भरतो, कुणी चुना लावतो, तर कुणी मंतरलेले पाणी देणाऱ्याकडे धाव घेतो. वालधुनी असो, कळवा असो की वागळे इस्टेट, रात्रपाळीहून परतणारा माणूस आणि गल्लीत खेळणारे मूल यांची कुत्र्यांशी गाठ पडतेच. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो: ती चौदा इंजेक्शने आपल्या देशात 2004 सालीच बंद झाली.

जुनी भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. विषाणू दह्याच्या विरजणासारखा दुधात वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. 1911 मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी रेबीजची लस तयार केली, तेव्हा विषाणू वाढवायला मेंढीचा मेंदू वापरला जाई. विषाणू मारून तोच मेंदू वाटून त्याची लस होई. ती कमजोर असल्यामुळे रोज मोठा डोस पोटात टोचावा लागे. मेंदूचा अंश शरीरात गेल्याने काहींना लकवाही मारत असे.

मार्ग निघाला तो प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात. 1949 मध्ये बोस्टन येथे एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मेंदू किंवा मज्जा न वापरता, भांड्यात जगवलेल्या इतर पेशींवर वाढवून दाखवला. 1954 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. 1962 मध्ये जपानमध्ये आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून 'व्हेरो' पेशी तयार झाल्या. त्या भांड्यातच पुन्हा पुन्हा वाढतात, दर वेळी नवा प्राणी लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये कोरोनाचा विषाणू याच पेशींवर वाढवला आणि त्यातून कोव्हॅक्सिनची वाट मोकळी झाली. आजची रेबीजची लसही व्हेरो किंवा कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, विषाणू मारतात आणि ती शुद्ध करतात. तिच्यात मेंदूचा अंश नसतो.

पण एक गोष्ट विसरू नये. ही चांगली लस बाजारात आल्यावरही अनेक वर्षे पैसेवालाच ती विकत घेई आणि सरकारी दवाखान्यात गरिबाच्या वाट्याला मेंढीच्या मेंदूची लस येई. विज्ञान पुढे गेले, तरी ते वस्तीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. ते मागावे लागते.

आता काय करायचे? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्याच दिवशी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा. कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही दंडांत देतात. डोस थोडा दिसतो म्हणून शंका नको, तो पुरेसा असतो. दंडाच्या स्नायूत दिली तर पाच वेळा जावे लागते. बरे वाटते म्हणून एकही तारीख चुकवू नका. उशीर झाला असला तरी जाच, कारण लक्षणे दिसल्यावर हा आजार जवळपास कुणालाच सोडत नाही.

रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही टोचावे लागते. लसीची ताकद अंगात यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर सीरमच राखण करते. "सीरम बाहेरून आणा" असे उत्तर मिळाले, तर ते मुकाट्याने ऐकून घरी येऊ नका. लेखी मागा, महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून नगरसेवकाकडे व आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठपुरावा करावा. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरणही त्याच अर्जात मागावे. त्यांना विष घालणे हा उपाय नाही, आणि आपल्या करुणेत तो बसतही नाही.

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म कारण शोधायला शिकवतो. रेबीजचे कारण विषाणू आहे, उपाय लस आहे. मंतरलेल्या पाण्याला या दोन्हींमध्ये जागा नाही.