टकटक ऐकू आली की वायर काढा
हार्ड डिस्क लावली आणि कॉम्प्युटरवर दिसेना, की आपण घाबरून तीच तीच वायर पुन्हा पुन्हा काढून-लावून बघतो. त्याऐवजी केबल बदला, पोर्ट बदला. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. मग विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा. डिस्क तिथे ‘रॉ’ म्हणून दिसत असेल, तर डेटा बहुधा जागेवरच असतो, फक्त पत्त्यांची वही फाटलेली असते. तेव्हा ‘फॉरमॅट करायचं का?’ याला कृपा करून नाही म्हणा. आतून टकटक येत असेल, तर मात्र एक क्षणही चालू ठेवू नका. मिनिटाला 5,400 फेऱ्या मारणाऱ्या तबकडीवर बिघडलेलं हेड घासलं, तर चुंबकीय थरच खरवडला जातो आणि त्याबरोबर लेकीच्या बारशाचे फोटोही. 2003 साली कोसळलेल्या कोलंबिया अंतराळयानाच्या अवशेषांतल्या जळक्या डिस्कवरून तज्ज्ञांनी यानातल्या एका प्रयोगाचा जवळपास 99 टक्के डेटा परत मिळवला, कारण तबकड्या शाबूत होत्या. म्हणूनच दुकानदार ‘बघतो उघडून’ म्हणाला, तर धूळमुक्त खोली आहे का, हे आधी विचारा. आणि वाचलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवून घ्या.