टिपरला एक न्याय, विमानाला दुसरा?

आमच्या सोनपेठला विमानतळ नाही. गावात रेल्वे स्टेशनही नाही; गाडी धरायची तर गंगाखेड नाहीतर परळी गाठायची. तेव्हा छोट्या खासगी विमानांवर ट्रॅकिंगचं यंत्र सक्तीचं असावं की नसावं, यावर सोनपेठच्या माणसाने मत द्यायचं म्हणजे जरा उंटावरून शेळ्या हाकण्यासारखंच आहे. पण विषय आमच्या घरातच निघाला, आणि निघाला तो चांगला दीड तास चालला. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

झालं असं, की माझा मावसभाऊ टेक्सासात असतो. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तिथल्या एका फ्लाइंग क्लबात चौघांत मिळून एक जुनं सेसना आहे, त्यात त्याचा चौथा हिस्सा. रविवारी फोनवर दादा तावातावाने सांगत होता, की सुरक्षिततेच्या नावाखाली आमच्या विमानात यंत्र बसवायला लावलं आणि आता त्याच यंत्राच्या नोंदी पाहून एका विमानतळाने लँडिंगचं बिल घरी पाठवलं. "अरे, हे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखं झालं!" इति दादा. मी म्हटलं, दादा, बिलावरचा तुझा राग मान्य, पण यंत्रावरचा नाही. तिथून वाद सुरू झाला.

आधी हे यंत्र काय आहे ते थोडक्यात सांगतो. त्याला एडीएस-बी म्हणतात. विमान जीपीएसवरून आपली जागा ओळखतं आणि ती जागा, उंची, वेग आणि आपला ओळख क्रमांक रेडिओवरून साधारण दर सेकंदाला सगळ्यांना सांगत राहतं. कुणी विचारायची वाट पाहत नाही. प्रत्येक विमानाचा हा क्रमांक वेगळा असतो. भारतात नोंदलेल्या बहुतेक विमानांचा ८० ने सुरू होतो. हा संदेश कंट्रोल टॉवरला ऐकू येतो, जवळच्या दुसऱ्या विमानात ऐकायचं यंत्र असेल तर त्याला येतो, आणि हजार-दोन हजारांचा रिसीव्हर घेऊन गच्चीवर बसलेल्या हौशी पोरालाही येतो. मोबाइलवर डोक्यावरून चाललेलं विमान कुठलं ते दिसतं ना, ते बरंचसं अशा हौशी लोकांच्या गच्च्यांमुळेच.

अमेरिकेत मोठ्या शहरांभोवतीच्या आणि वरच्या आकाशात २०२० च्या १ जानेवारीपासून हे सक्तीचं झालं, छोट्या विमानांनाही. आपल्याकडे सुरुवात झाली ती २९ हजार फुटांच्या वरून जाणाऱ्या विमानांपासून. म्हणजे जी विमानं मुळात रडारवर बऱ्यापैकी दिसतात, त्यांच्यापासून. खाली, डोंगर-जंगलांवरून जाणारी छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं, जी रडारला धड दिसत नाहीत, त्यांचा खरा प्रश्न तसाच राहिला.

आता कुणी म्हणेल, अहो, विमानात अपघातानंतर संदेश देणारं यंत्र असतंच की. असतं. त्याला ईएलटी म्हणतात. ते कसं आलं ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६७ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एक छोटं विमान कोसळलं. आई, सावत्र वडील आणि मुलगी. तिघंही अपघातातून वाचले होते! वडील मदत आणायला म्हणून निघाले ते परतले नाहीत. मायलेकी बर्फात, मोडक्या विमानात बसून राहिल्या आणि मुलगी डायरी लिहीत राहिली. पन्नासहून जास्त दिवसांच्या नोंदी आहेत त्या डायरीत. शोधणारे दुसरीकडेच शोधत होते. ऑक्टोबरमध्ये शिकाऱ्यांना विमान सापडलं. तोवर सगळं संपलं होतं. त्यानंतर अमेरिकेत छोट्या विमानांना ईएलटी सक्तीचं करण्याचा कायदा झाला. तेव्हाही वैमानिकांच्या संघटनांनी खर्चाची ओरड केली असेल, आणि केली असेल तर ती खोटीही नसेल. पण त्या डायरीपुढे ओरड टिकण्यासारखी नव्हती.

ईएलटीची अडचण अशी, की ते आदळल्यावर बोलू लागतं. आदळण्यात त्याचीच अँटेना तुटली, किंवा ते जळालं, किंवा पाण्यात गेलं, तर संपलं. म्हणजे जखमी माणसालाच आपला पत्ता सांगायला लावायचं. शिवाय जुनी ईएलटी ज्या १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलायची, ते ऐकणं उपग्रहांनी २००९ च्या १ फेब्रुवारीपासून बंदच केलं. आता ४०६ मेगाहर्ट्झचं लागतं. जगभर साहसांसाठी गाजलेले स्टीव्ह फॉसेट २००७ च्या सप्टेंबरमध्ये नेवाडातून एका छोट्या विमानातून निघाले ते गायब झाले. ईएलटीचा आवाज कुणाला आला नाही. विमानाचे अवशेष सापडायला वर्षाहून जास्त काळ लागला.

आपल्याकडचं आठवा. २००९ च्या २ सप्टेंबरला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर बेपत्ता झालं. सकाळी साडेनऊच्या सुमारास संपर्क तुटला. हवाई दल, निमलष्करी दलं, इस्रोचा उपग्रह, सगळे कामाला लागले, आणि हेलिकॉप्टर सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी. २०११ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचं हेलिकॉप्टर ३० एप्रिलला नाहीसं झालं ते ४ मे रोजी सापडलं. मधल्या काळात ते सुखरूप उतरल्याची बातमीसुद्धा येऊन गेली. घरच्या माणसांनी त्या बातमीवर किती तास काढले असतील, कल्पना करवत नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या दोन्ही अपघातांत ट्रॅकिंगचं यंत्र असतं तरी बहुधा कुणी वाचलं नसतं. यंत्र विमान पाडत नाही आणि धरूनही ठेवत नाही. ढग, डोंगर आणि घाई यांच्यापुढे यंत्राचं काही चालत नाही. त्यामुळे "यंत्र बसवा, अपघात थांबतील" असं कुणी सांगत असेल तर ते विकणाऱ्याचं बोलणं समजावं. मला यंत्र हवं आहे ते दोन साध्या कारणांसाठी. एक, वाचलेला माणूस वाट पाहत मरू नये, आणि गेलेल्याच्या घरच्यांनी चार-चार दिवस अधांतरी राहू नये. दोन, हवेत दोन विमानं एकमेकांवर आदळू नयेत.

दुसऱ्या कारणासाठी फार लांब जायला नको. १९९६ च्या १२ नोव्हेंबरला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर टक्कर टाळण्याची यंत्रणा आपल्याकडे सक्तीची झाली. आणि अगदी अलीकडे, २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं, ६७ जण गेले. ते हेलिकॉप्टर एडीएस-बीवरून आपली जागा सांगत नव्हतं. नियम बाकी सगळ्यांना होता, लष्कराला सवलत होती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता दादाचे तीन आक्षेप.

पहिला खर्चाचा. तिथे यंत्र आणि बसवणावळ मिळून काही हजार डॉलर होतात, आणि जुनं विमानच मुळात फार महागाचं नसतं. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला उत्तरही आहे. अमेरिकी सरकारने छोट्या विमानांना ५०० डॉलर परत दिले. ब्रिटनने २०२० मध्ये सक्ती न करता निम्मा खर्च, २५० पौंडांपर्यंत, सरकारतर्फे उचलला आणि खिशात मावणाऱ्या स्वस्त यंत्रांनाही मान्यता दिली. ज्यात विजेची यंत्रणाच नाही अशा ग्लायडरला वगैरे अमेरिकेत सवलत आहे, तीही रास्त. थोडक्यात, मनात असेल तर वाट सापडते.

दुसरा बिलाचा. इथे मी पूर्णपणे दादाच्या बाजूने. जीव वाचवायला म्हणून घेतलेली माहिती वसुलीला वापरली, की लोक यंत्र बंद ठेवायला शिकतात. मग वसुलीही जाते आणि जीवही जातो. अमेरिकी काँग्रेसमध्ये २०२५ मध्ये हे थांबवण्यासाठी विधेयक मांडलं गेलं, ते उगाच नाही.

तिसरा खासगीपणाचा. "मी कुठे जातो हे गच्चीवरच्या पोराला का कळावं?" हा प्रश्न मोठ्या लोकांनीही विचारला आहे. एका विद्यार्थ्याने एलॉन मस्कच्या विमानाचा ठावठिकाणा ट्विटरवर टाकायला सुरुवात केली. मस्कने ट्विटर विकत घेतल्यावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते खातं बंद झालं. दादाचा मुद्दा मला पटतो. फक्त मला दादाला एकच विचारायचं होतं, आणि तेच इथेही विचारतो.

आमच्या गल्लीत एक जण टिपर चालवतो. परवान्याची वाळू, मुरूम वाहतो. राज्य सरकारने अशा वाहनांवर जीपीएस सक्तीचं केलं. गोदाकाठची वाळूचोरी पाहता ते योग्यच, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण हा गडी सांगतो, "भाऊ, धाब्यावर चहाला दहा मिनिटं थांबलो तरी मालकाचा फोन येतो, का थांबला म्हणून." त्याच्या खासगीपणाचं काय? २०१९ च्या १ जानेवारीपासून नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांनाही ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटण सक्तीचं आहे. बाकी सोडा, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार बोटींसाठी एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. वादळात भरकटलेली बोट सापडावी म्हणून. उत्तम योजना. कोळीवाड्यातल्या कुणी "माझी मासे धरायची जागा लोकांना कळेल" अशी तक्रार केलीच असेल, तर ती ऐकायला समित्या बसल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे बघा. टिपर, जीप, होडी यांना यंत्र लावताना आपण खासगीपणाचा शब्दही काढत नाही. विमानाचं नाव निघालं की एकदम स्वातंत्र्य आठवतं. मी असं म्हणत नाही, की विमानवाल्यांचा प्रश्न खोटा आहे. मी म्हणतो, तो प्रश्न इतका खरा आहे, की तो टिपरवाल्यालाही लागू व्हायला हवा. माहिती कुणी पाहायची, किती दिवस ठेवायची, कशासाठी वापरायची, हे कायद्यात लिहा, आणि ते जमिनीवर, पाण्यात, हवेत सगळीकडे सारखं लिहा.

महाराष्ट्रात हा प्रश्न हौशी विमानवाल्यांचा फारसा नाहीच. आपल्याकडे छोटी विमानं म्हणजे मुख्यतः दोन प्रकार. एक, वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची. बारामतीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. त्याच वर्षी १८ मार्चला गोंदियाहून उडालेलं प्रशिक्षण विमान मध्य प्रदेशात बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघे गेले. ही आपल्यातुपल्यातली पोरं असतात. बापाने जमीन गहाण टाकून शिकायला पाठवलेलं एखादं त्यात असू शकतं. दुसरा प्रकार, नेत्यांची भाड्याची विमानं आणि हेलिकॉप्टरं. निवडणूक आली की आमच्या भागात शाळेच्या मैदानावर फक्की मारून हेलिपॅड तयार होतं. २५ मे २०१७ ला निलंग्याला मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडता उडताच खाली आलं. गावातच आलं, सगळे सुखरूप राहिले, शोधावं लागलं नाही. दर वेळी गावातच येईल याची हमी कोण देणार?

म्हणून माझं मत असं. सक्ती हवी, पण ती पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या आणि विद्यार्थी नेणाऱ्या छोट्या विमानांपासून सुरू व्हावी. हौशी वैमानिकाला आधी स्वस्त यंत्र आणि निम्मी मदत द्यावी, मग मुदत घालावी. यंत्राची माहिती शोधासाठी आणि टक्कर टाळण्यासाठीच वापरावी, बिलासाठी नाही. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: मंत्र्यांच्या आणि सरकारी विमानांना "सुरक्षेच्या कारणास्तव" सरसकट सवलत नको. लोकांच्या मोबाइलवर त्यांचं विमान दाखवू नका हवं तर, पण कंट्रोल टॉवरला आणि शेजारच्या विमानाला ते दिसलंच पाहिजे. सवलतीची किंमत काय असते ते वॉशिंग्टनने दाखवलं आहे.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बिलाचं तेवढं लिही ठळक." लिहिलं. बाकीचं त्याला अजून पटलेलं नाही. पुढच्या दिवाळीला तो येणार आहे, तेव्हा गल्लीतल्या त्या टिपरवाल्याशी त्याची गाठ घालून द्यायचा विचार आहे. दोघांची तक्रार एकच आहे, फक्त एक जण ती चार हजार फुटांवरून करतो. तुम्हाला काय वाटतं, तेही जरूर कळवा.