ठेवी पुण्यात, राख चंद्रपुरात

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांनी २०२० साली, तर हार्वर्डने २०२१ साली, कोळसा व खनिज तेलाच्या उद्योगांतील आपली गुंतवणूक संपविण्याचे ठरविले. पृथ्वीचे तापमान वाढविणाऱ्या उद्योगांच्या नफ्यावर ज्ञानदान चालू नये, ही त्यामागील भूमिका. पुण्यासारख्या विद्यानगरीत तिचे स्वागत होणे स्वाभाविक आहे; परंतु तिचे तंतोतंत अनुकरण येथे संभवत नाही.

याचे कारण कायद्यात आहे. येथील बहुतेक शिक्षणसंस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था आहेत. १९५०च्या कायद्याच्या ३५व्या कलमानुसार त्यांनी आपली शिल्लक मुख्यतः बँका, टपाल बचत खाते व सरकारी रोखे यांतच ठेवावयाची असते. अन्यत्र गुंतविण्यास धर्मादाय आयुक्तांची अनुमती लागते. विकण्याजोगे शेअरच जवळ नसताना ते विकणार कसे?

म्हणून आपले हात स्वच्छ आहेत, असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. बँक ठेवी तिजोरीत कोंडून ठेवीत नाही. ती त्या कर्जाऊ देते. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून निर्माण होते आणि औष्णिक केंद्रांच्या उभारणीत बँकांच्या कर्जाचा वाटा मोठा असतो. ठेवीचे व्याज पुण्यात जमा होते. २,९२० मेगावॉट क्षमतेच्या वीज केंद्राची राख चंद्रपूरकरांच्या वाट्यास येते.

यावर आक्षेप येईल की, ठेवी हलविल्याने एकही केंद्र बंद पडणार नाही, आणि पडले तर पुण्याचेच दिवे विझतील. आक्षेप खरा आहे. खाणकामगाराची रोजीरोटीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. परंतु प्रश्न चालू केंद्रांचा नसून नव्या कर्जांचा आहे. आज उभारलेले केंद्र तीस-चाळीस वर्षे कोळसा जाळीत राहते. शिवाय अशी कर्जे निर्धोकही नाहीत: २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळशाला कर्ज न देण्याचे धोरण फेडरल बँकेने २०२१ साली जाहीर केले. अर्थात हे अशक्य नाही.

तेव्हा संस्थाचालकांनी मुदत ठेवीचे नूतनीकरण करताना बँकेस तिचे कर्जधोरण लेखी विचारावे आणि आलेले उत्तर वार्षिक अहवालात छापावे. यास कायद्यात बदल नको, की पदरचा खर्च नको. एका संस्थेच्या पत्रास बँक दाद देणार नाही; शहरातील सर्व संस्थांनी मिळून विचारले, तर तिला उत्तर टाळणे जड जाईल.

१९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्याच स्वदेशीच्या लाटेत पैसा फंडाच्या किरकोळ वर्गण्यांतून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. बहिष्काराला उभारणीची जोड हवी, हा धडा पुण्याला नवा नाही. कोळशातून वाचलेले कर्ज सूर्य आणि वारा यांच्या विजेकडे वळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही ठेवीदारांचीच आहे.