घाण आपल्याच वस्तीत का?
बौद्ध बंधुभगिनींनो, अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या वस्तीला हिणवण्यासाठी कोणी मेलेले जनावर वा घाण आणून टाकील, तर ती मुकाट्याने ओढून नेऊ नका. ते काम आपण केव्हाच सोडले! असे करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे. धर्मांतराने हे संरक्षण गेले, असे गावपुढारी सांगतील. साफ खोटे! अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने तोच दर्जा आहे. फौजदार "आधी चौकशी करू" म्हणाले, तर कलम १८-अ दाखवा. गुन्हा नोंदविण्यास पूर्वचौकशी लागत नाही. उकिरडा ग्रामपंचायतच उचलत नसेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पैसा नाही, ही सबब रतलाम नगरपालिकेने सांगून पाहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ती फेटाळली.