लुडबूड करू द्या

आषाढ लागला की वाईच्या बाजारात बेंदराचे बैल मांडले जातात. पूर्वी हे बैल घरोघरी होत. शेतातली काळी माती आणायची, भिजवायची, तिंबायची आणि पोरांनी आपापली जोडी करायची. एखाद्याच्या बैलाला वशिंड उंटासारखे यायचे, एखाद्याची शिंगे वाळता वाळता गळून पडायची. आता बरीच घरे प्लास्टरचा, रंगवलेला, एकसारखा बैल विकत आणतात. दिवाळीच्या किल्ल्याचेही तेच झाले आहे. सण त्यामुळे काही बुडत नाही, पूजा होतेच. बुडते ते एवढेच, की चार-पाच वर्षांच्या मुलाला मनसोक्त चिखल कालवायला वर्षातून दोनदा जी हक्काची परवानगी मिळायची, ती गेली.

गंमत अशी, की नेमकी हीच गोष्ट आता दुसऱ्या दाराने घरात येत आहे. तिचे नाव 'सेन्सरी प्ले'. रंगवलेले तांदूळ, वाळू, मऊ चिकट गोळे, मणी असे सारे डब्यात भरून घरपोच मिळते. 'मेंदूच्या विकासासाठी' असे डब्यावर लिहिलेले असते आणि किंमतही त्याला शोभेशी असते. मराठी विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या या गावातही या खेळाला तोंडात बसेल असा मराठी शब्द नाही. 'ज्ञानेंद्रियांचे खेळ' म्हटले तर मूल पळून जाईल. आपल्या आज्यांकडे मात्र एक शब्द होता, जरा रागावून वापरला जाणारा: लुडबूड. 'पिठात लुडबूड करू नकोस', 'पाण्यात लुडबूड करू नकोस.' आमचे म्हणणे एवढेच आहे, की ती करू द्यावी. डबा मागवायची गरज नाही. डब्यात जे आहे ते जवळजवळ सगळे आपल्या ओट्यावर आहे. फक्त त्यातले काय द्यावे आणि काय देऊ नये, हे नीट माहीत हवे.

आधी यात विज्ञान किती आहे ते पाहू. शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकतो. लहान मुलाच्या दृष्टीने आणखी दोन जाणिवा तितक्याच मोलाच्या असतात. एक तोलाची, जी कानाच्या आतल्या भागातून येते. दुसरी स्नायू आणि सांध्यांतून येणारी, आपला हात कुठे आहे आणि किती जोर लावतो आहे हे सांगणारी. कणकेचा गोळा दाबताना मूल या दुसऱ्या जाणिवेचा सराव करत असते. किती दाबले की चपटा होतो, किती ओढले की तुटतो, हे बोटांना कळत जाते. पुढे पेन्सिल धरताना, शर्टाचे बटण लावताना, पोळीचा तुकडा मोडताना हाच अंदाज कामी येतो. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या फार वेगाने होतात. ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या छाटल्या जातात. पडद्यावर बोट फिरवणाऱ्या मुलाच्या बोटाला मात्र काचेखेरीज काहीच लागत नाही. चित्रात आंबा असो की हत्ती, स्पर्श एकच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. कमी असेल तितके बरे. आपल्याकडे मोबाइल समोर धरल्याशिवाय घास न घेणारी दीड-दोन वर्षांची मुले आता दवाखान्याच्या बाकावर सर्रास दिसतात.

यातला दुसरा लाभ भाषेचा, आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जाते. गुळगुळीत, खरखरीत, बुळबुळीत, भुसभुशीत, चिकट, सरसरीत, ओलसर, दमट हे शब्द पुस्तकातून कळत नाहीत. हात त्या वस्तूत असताना शेजारचे मोठे माणूस तो शब्द उच्चारते, तेव्हा ते कळतात. म्हणून मुलाला परात देऊन आपण फोन घेऊन बसलो, तर अर्धा खेळ वाया गेला.

आणि हे सारे परदेशातून आलेले नवे ज्ञान आहे, असेही नाही. ज्ञानेंद्रियांना वळण देणारी साधने मारिया मॉन्टेसरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये घडवली, हे खरे. पण ती साधने महाग होती आणि सुतारकामाची होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा गावातल्या मुलांसाठी ती आणणार कुठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी उत्तर आसपास शोधले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना तिथलीच. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. केंद्र सरकारने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आणली, तिच्यातून अंगणवाडी देशभर पोहोचली. खडे आणि शिंपले मात्र वाटेत कुठेतरी मागे पडले आणि भिंतीवरचे तक्ते पुढे आले.

आता प्रत्यक्ष काय करायचे? सुरुवात कणकेपासून करावी, कारण ती रोज मळली जातेच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पोळीच्या कणकेतलाच लिंबाएवढा गोळा द्यावा; कच्ची कणीक खाऊ देऊ नये आणि मोठा तुकडा घशात अडकत नाही ना हे पाहावे. तीन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी दोन वाट्या कणकेत अर्धी वाटी मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळावी. झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ती काही दिवस टिकते. ही खारट कणीक मुलाने खायची नाही, कारण मीठ खूप आहे. पावसाळ्यात आंबूस वास आला की टाकून द्यावी.

मक्याच्या पिठाचा खेळ मोठ्यांनाही गुंगवतो. त्यासाठी बाजारात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते पांढरे पीठ हवे, भाकरीचे पिवळे नव्हे. दोन वाट्या पिठात साधारण एक वाटी पाणी थोडे थोडे घालत जावे. मिश्रणावर बुक्की मारली तर ते दगडासारखे लागते, बोट हळूच सोडले तर आत बुडते. हळू ढवळताना पिठाचे कण पाण्यातून एकमेकांशेजारून निसटतात. अचानक जोर आला की त्यांना निसटायला वेळच मिळत नाही, ते एकमेकांत अडकतात. मुलाला हे समजावून सांगायची घाई नको. त्याने दहा वेळा बुक्की मारावी. खेळ झाला की हे मिश्रण मोरीत ओतू नका, तळाशी बसून नळी तुंबते. वाळवून कचऱ्यात टाका.

पाण्याला तर काहीच लागत नाही. परात, फुलपात्र, गाळणे, चहाची गाळणी, एक अरुंद उंच पेला आणि एक पसरट वाटी. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग याच भांड्यांचा आहे: तेच पाणी उंच पेल्यात ओतले, की साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुले 'आता जास्त झाले' म्हणतात. आपण चूक दाखवायची नसते. ओतता ओतता एक दिवस मूलच थबकते.

पिशवीचा खेळ संध्याकाळी वीज गेल्यावरही होतो. कापडी पिशवीत नारळाची शेंडी, कापूस, घोंगडीचा तुकडा, लाकडी चमचा, वाळलेले दोडके अशा वस्तू घालायच्या. मुलाने आत हात घालून, न बघता ओळखायचे. वासाच्या डब्या करायच्या तर गवती चहा, ओवा, लिंबाची साल, कोथिंबीर, भाजलेले जिरे. आणि भाज्या. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांना खऱ्या फळा-भाज्यांशी हाताने खेळू दिले, तेव्हा नंतर त्यांनी त्या अधिक प्रमाणात चाखून पाहिल्या. अभ्यास लहानच होता, पण करून बघण्यात तोटा नाही. मटार सोलायला, मेथी निवडायला मुलाला शेजारी बसवा. कामाला उशीर होईल, हे मान्य.

धोक्यांविषयी आम्हाला जरा लांबण लावावी लागेल, कारण घरगुती म्हणजे निर्धोक असे आपण गृहीत धरतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती धान्य, कडधान्य, मणी, चिंचोके, सीताफळाच्या बिया देऊ नयेत. शेंगदाणा आणि हरभरा सर्वांत वाईट, कारण श्वासनळीत गेले तर ओलाव्याने फुगतात. दहा रुपयांच्या नाण्याएवढी किंवा त्याहून किंचित मोठी वस्तूही या वयात अडकू शकते. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत जेलीचे मणी घरात आणूच नयेत. गिळल्यावर ते आतड्यात फुगतात आणि वाट बंद करतात. परातीत बोटभर पाणी असले तरी मुलाला एकटे सोडून दाराशी जाऊ नये आणि खेळ संपताच परात पालथी करावी.

वासाच्या डबीत कापूर आणि डांबरगोळ्या नकोत. कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. चिकट 'स्लाइम' घरी करण्याच्या कृतींमध्ये बोरॅक्स सांगतात, तोही टाळावा. रांगोळीची पूड आणि टाल्कम पावडर श्वासात जाते, ती खेळाला देऊ नये.

हळदीचे दोन शब्द वेगळे. वाईच्या मुलखात हळद पिकते, त्यामुळे कणीक रंगवायला ती सहज सुचते, आणि ती चांगलीच आहे. पण घरचे हळकुंड कुटून केलेली किंवा खात्रीची हवी. हळद अधिक पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळले जात असल्याचे बांगलादेशात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उघड झाले. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि मुले रंगलेली बोटे तोंडात घालतातच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून दाखवा, पिवळे पाणी तांबडे होते. कुंकू करतात ते याच तत्त्वावर. मात्र त्यासाठी पानाचा चुना वापरू नका. चुन्याची पुडी दाबली जाऊन डोळ्यात उडाली, तर बुबुळ भाजते आणि दृष्टीही जाऊ शकते. असे झालेच तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

मातीचे म्हणाल तर औषध मारलेल्या रानातली नको आणि कुत्री-मांजरे बसतात त्या ढिगाऱ्यातली वाळू नको. खेळानंतर साबणाने हात, नखे कापलेली, लसी वेळेवर आणि अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. पावसाळ्यात घाटावर मुलांना पाण्यात सोडू नये, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. विकतचे खेळणे घ्यायचेच तर आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा खेळ आहे, उपचार नव्हे. अमेरिकेतल्या जीन आयर्स यांनी १९७० च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाची उपचारपद्धती मांडली. तिच्या उपयोगाचे पुरावे मर्यादित आहेत आणि ते पालकांना सांगावे, असे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटले. आपल्या बाजारात मात्र 'सेन्सरी' डब्यांवर बोलणे सुधारेल, चंचलपणा जाईल असे दावे बेधडक छापले जातात. आम्हाला काळजी आहे ती या दाव्यांवर विसंबून सहा महिने वाट पाहणाऱ्या पालकांची. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर कणीक नको, डॉक्टर हवेत. ऐकू येते का, हेही तपासले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. त्या पथकाच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. काही मुलांना चिकट स्पर्श नकोसाच वाटतो. तेवढ्याने घाबरू नये आणि हात धरून जबरदस्तीही करू नये. चमचा द्यावा, मूल स्वतःच्या वेळेने बोट लावते.

राहिला प्रश्न पसाऱ्याचा. तो कोण आवरणार, याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले आहे, आणि म्हणूनच लुडबुडीला नकार मिळतो. दिवसभर राबलेल्या आईला मुलाच्या विकासासाठी आणखी एक काम लावणारे लेख आम्हालाही आवडत नाहीत. रविवारची परात बाबांनी मांडावी आणि फरशी त्यांनीच पुसावी. अंगणवाड्यांकडेही याच नजरेने बघायला हवे. २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. पण सेविकेच्या हाती नोंदींचा मोबाइल असतो आणि दारात नळ नसतो. ग्रामपंचायतीने प्रत्येक अंगणवाडीला एक वाळूचा हौद झाकणासह, दोन मोठ्या पराती, साबण आणि वाहते पाणी द्यावे. याला फार मोठा निधी लागत नाही.

यंदा बेंदराची जोडी घरीच करायची असेल तर काळी माती चाळून घ्या, खडे आणि काचा काढा, रात्रभर भिजवा. चिकटपणा कमी वाटला तर बारीक चिरलेला काथ्या मिसळा. पाय जाडच ठेवा, नाहीतर बैल बसतो. वाळवताना उन्हात ठेवू नका, तडकतो. सावलीत दोन-तीन दिवस लागतात. शिंगे मुलाला लावू द्या.