क्षेत्र आणि वास्तू

चातुर्मास आला की आपल्याकडे नियमांची यादी सुरू होते. कंदमूळ बंद, रात्रीचं खाणं बंद. कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी चार महिने नवी साडी घेत नाही. परिग्रह-परिमाण व्रत घेऊन दागिन्यांचे तोळे वहीत लिहिणाऱ्या, भांड्यांची गणती करणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात. पण आपल्या घरात प्लॉट किती, हे लिहिलेली वही अजून माझ्या पाहण्यात नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार दिले आहेत. दशलक्षणात आपण ते दरवर्षी ऐकतो, कितीजणींना तर पाठ आहेत. त्यात सोनंनाणं दुसऱ्या जोडीत येतं, धनधान्य त्यानंतर, आणि कापडचोपड अगदी शेवटी. पहिली जोडी कोणती? क्षेत्र आणि वास्तू. जमीन आणि घर. उमास्वामींनी जे पहिल्या नंबरला धरलं तेच आपण यादीतून गाळलं, आणि शेवटच्या साडीवर येऊन व्रत पुरं केलं. सोयीचं आहे खरं!

आता बेळगावच्या कडेच्या कोणत्याही लेआउटमधून एकदा पायी फिरा. गाडीतून नको, पायीच. डांबरी रस्ता आहे, गटार आहे, खांबावर दिवे आहेत. आणि दोन घरं झाली की तीन रिकामे प्लॉट. काँग्रेस गवत कमरेएवढं वाढलेलं, कोपऱ्यात चार दगड, एखाद्या पत्र्यावर मालकाचं आडनाव. त्या आडनावांत ‘आपली’ किती आहेत, ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही वाचालच. दिवे जळतात ते महापालिकेच्या पैशानं, म्हणजे गवताला उजेड. ही जमीन काल कुणाचं तरी शेत होती. शहराला घरं हवीत या कारणासाठी शेतकऱ्याकडून ती गेली. घरं काही झाली नाहीत, नुसतेच सातबारे जाऊन खाते उतारे आले.

मग ज्याला खरोखर घर पाहिजे तो कुठे जातो? माझ्याकडे भाकऱ्या करायला येते ती वडगावच्या पलीकडे राहते. नवरा मागावर होता, माग बंद पडले तसा हमाली करतो. त्यांचा वीस-तीसचा प्लॉट आहे, बॉन्डवर घेतलेला. बॉन्ड म्हणजे काय ते आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल, कारण आपल्यावर ती वेळ आली नाही. शेतजमीन बिनशेती न करता गुंठे पाडून विकली की तिची नोंदणी होत नाही. मग स्टँप पेपरवर लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा आणि आयुष्याची कमाई मोजून द्यायची. खरेदीपत्र नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. 2015 पासून पंतप्रधान आवास योजना आहे, त्यात घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह असावं असा चांगला नियमही आहे. पण स्वतःच्या जागेवर बांधायला अनुदान हवं तर आधी जागेचा कागद स्वच्छ पाहिजे. म्हणजे जिला घराची सगळ्यात जास्त निकड, तिच्यापर्यंत तो नियम पोचतच नाही. मी तिला विचारलं, उद्या काही झालं तर? ती म्हणाली, “बॉन्ड हाय की ओ अक्का, पेटीत ठेवलंय.” 2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाला फुगला तेव्हा तिनं पहिल्यांदा ती पेटी माळ्यावर टाकली, मग पोरांना उचललं.

अशा वस्त्यांना आपण ‘बेकायदेशीर’ म्हणतो. म्हणताना नाकही मुरडतो. सरकार तर दोन्ही हातांनी टाळी वाजवतं. आधी अक्रम-सक्रमचं गाजर झालं, ते 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडकलं. मग 2025 च्या फेब्रुवारीत बी-खात्याची मोहीम निघाली. बी-खातं मिळालं की कर भरता येतो, पण त्यानं बेकायदा लेआउट काही कायदेशीर होत नाही. पावती मिळते, निर्धास्तपण नाही.

“आम्ही काय चोरी केली का? कष्टाच्या पैशानं घेतलंय.” हे उत्तर मला ठरलेलं येतं. चोरी केली असं मी म्हणत नाही. पण बघा, ज्या जागेवर पाणी, रस्ता, वीज सगळं सार्वजनिक पैशानं आलं, ती दहा-पंधरा वर्षं रिकामी ठेवायची आणि भाव चढला की विकायची, यात आपले कष्ट नेमके कोणते? भाव चढतो तो रस्त्यामुळे, शेजारी घर बांधून राहायला आलेल्या माणसांमुळे. आपण नुसतं थांबतो. आणि आपण थांबलो म्हणून तीस-चाळीसचा प्लॉट मास्तराच्या, नर्सच्या, दुकानातल्या दिवाणजीच्या हातातून निसटतो. तो मग बॉन्डवाल्याकडे जातो.

दुसरं उत्तर लेकीच्या लग्नाचं. लेकीसाठी म्हणून ठेवलेला प्लॉट लेकीच्या नावावर किती घरांत झाला, तेवढं सांगा, मग पुढे बोलू. बहुतेक ठिकाणी तो विकून जेवणावळी उठतात.

ही गोष्ट काही बेळगावपुरती नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरच्या शहरांतून 1 कोटी 11 लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली. त्यानंतर वर्षभरात केंद्राच्या तज्ज्ञगटानं शहरांतली घरांची टंचाई मोजली, ती 1 कोटी 88 लाखांच्या घरात निघाली, आणि त्यातली जवळजवळ सगळीच गरीब आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची. एकीकडे कुलपं, दुसरीकडे माणसं. रिकाम्या प्लॉटची तर त्यात गणतीच नाही.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 1976 मध्ये शहरी जमिनीवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला होता. त्यात पळवाटा काढल्या गेल्या, अधिकाऱ्यांचे खिसे भरले, आणि 1999 मध्ये केंद्रानं तो मोडीत काढला. कायदा वाईट चालला म्हणून हेतूच फेकून दिला. आता बुडाचे कोपऱ्याचे प्लॉट लिलावात जातात. लिलावात कोण जिंकणार, हे सांगायला पत्रिका बघायला नको. 2016 मध्ये आपलं शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसांत आलं, पेढे वाटले. बसथांबे चकचकीत झाले, फुटपाथ दोनदा उकरले. भाड्यानं देण्याजोगी, साध्या पगारात परवडणारी घरं मात्र त्या चकचकाटात कुठे दिसली नाहीत.

मला दोनच गोष्टी हव्यात. बांधायला योग्य असलेला प्लॉट ठरावीक वर्षं रिकामा राहिला तर त्यावरचा कर दरवर्षी टोचेल इतका वाढवा. आणि नगरविकास प्राधिकरणाच्या जागा ज्याच्या घरात आधीच एक आहे त्याला देऊ नका, मग बोली कितीही मोठी असो. आपल्या महापालिकेचे 58 प्रभाग आहेत आणि निम्म्या जागा बायकांच्या. गटारावर, दिव्यांवर आपण नगरसेविकांना अडवतोच, यावरही अडवू.

पण आधी आपलं घर. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी चार दानं सांगितली, त्यात आहार आहे, औषध आहे, उपकरण आहे, आणि चौथं आवास. हे बोललं की पंडितजी लगेच दुरुस्त करतात, “ते वैयावृत्त्यातलं, त्यागींसाठी.” कबूल. पण 1899 मध्ये सुरू झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेनं कोल्हापूर, सांगली, बेळगावात बोर्डिंगं काढली, तेव्हा खेड्यातून शिकायला आलेली पोरं काही पिच्छी-कमंडलू घेऊन आली नव्हती. त्या पिढीला आवासदानाचा अर्थ बरोबर कळला होता. आज पंचकल्याणकात एका कलशाच्या बोलीला जेवढा पैसा उठतो, तेवढ्यात एका खोलीची भिंत नाही, आख्खी खोली उभी राहते. आपल्याच समाजातली विधवा बाई भाड्याच्या खोलीसाठी दारोदार फिरते. शाकाहारी असते, देवदर्शन चुकवत नसते, तरी ‘एकटी आहे’ म्हणून आपणच तिला नाही म्हणतो. आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसतो.

मंडळाच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडणार आहे. बस्तीच्या मालकीची मागची पडीक जागा विकायची नाही, तिथे एकट्या बायकांसाठी आणि कमी पगाराच्या कुटुंबांसाठी भाड्याच्या बारा खोल्या बांधायच्या. पहिल्या दोन खोल्या जैन असण्याची अट न घालता द्यायच्या. ठराव लिहून तयार आहे. अनुमोदक म्हणून सही करायला तिघींनी हो म्हटलं होतं, तिघींच्याही घरून निरोप आला. रकाना अजून मोकळा आहे.